पाच घोडे आणि थावराबाची जोडी

सन एकोणीसशे एकसष्ट. मी तेवीस वर्षांचा. शिक्षण तिसरी, तीही गुरुजींनी कंटाळून पास केलेली. पण त्या साली यवतमाळच्या आमच्या दुकानात, माझे वस्ताद खानचाचा सोडले तर, रुसलेलं इंजन मनवणारा माझ्यासारखा दुसरा मिस्तरी नव्हता. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. ज्याला पटत नसेल त्यानं एखादं जुनं इंजन घेऊन यावं. हात अजून शाबूत आहेत.

दिवाळी अंकवाले म्हणाले, बाबा, तुमचा जन्म इंजनात गेला, त्यावर लिहा. मी म्हटलं, सगळा जन्म लिहायला कागद कुठून आणाल? एक शब्द घेतो. हॉर्सपॉवर. या शब्दानं मला जेवढं भांडायला लावलं तेवढं बायकोनंही लावलं नाही.

आधी आमचा धंदा सांगतो. तेव्हा खेड्यात वीज नव्हती. विहिरीचं पाणी मोटेनं काढायचे. मोट म्हणजे चामड्याची भली मोठी पिशवी. ती नाड्यानं विहिरीत सोडायची, बैलजोडीनं उतरत्या धावेवरून पुढं चालत जायचं, पाण्यानं भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची, बैल पुन्हा मागं मागं धाव चढून यायचे. असं सकाळपासून ऊन तापेपर्यंत. मग तेलावर चालणारी इंजनं आली. इंजन एका जागी पायावर बसवायचं, त्याच्या मोठ्या चाकावरून पंपाच्या चाकावर पट्टा चढवायचा, पंपात पाणी भरून हवा काढायची, हँडल मारायचं. इंजन धरलं की टुक टुक टुक करत पाणी वर. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं. माझं दोनदा मोडलं. त्याची लाज नाही.

दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल एकच, 'कितीचं हाये?' आम्ही म्हणायचो, पाच हॉर्सपॉवर. इथून गडबड सुरू. राळेगावकडचा एक गडी इंजनाला फेरी मारून म्हणाला, 'पाच घोड्याचं इंजन अन् इतकुसं? घोडे आतमंदी दाटीवाटीनं बसवले काय?' एकाला वाटायचं, जास्त घोडे म्हणजे इंजन जास्त जोरात पळेल. त्याला मी म्हटलं, 'भाऊ, ते जागेवरून हालनार नाही. ते पयावं असं वाटत असंल तं पायाच कच्चा बांधतो.' एक मोठा कास्तकार तर हट्टालाच पेटला, शेजाऱ्यानं पाच घोड्याचं घेतलं म्हणून मला दहाचं पाहिजे. त्याच्या विहिरीत पाणी कमरेएवढं. दहा घोड्यांनी ते एका दमात पिऊन टाकलं, आणि इंजन चिखल ओकत बसलं. तो मलाच शिव्या देऊन गेला.

मीसुद्धा त्या शब्दाच्या भानगडीत कधी शिरलो नव्हतो. पाच घोडे म्हणजे पाच घोडे. विकायला तेवढं पुरे होतं. मला तो शब्द नीट विचारायला लावला थावराबानं.

हरसिंग राठोड नावाचा बंजाऱ्यांच्या तांड्यातला शेतकरी दुकानात आला आणि इंजन ठरवून गेला. तांडा राळेगावच्या पलीकडं, रस्ता सोडून आत. श्रावण लागला होता. मी भाड्याच्या बैलगाडीत इंजन घातलं, माझी सायकल वर बांधली आणि निघालो. तांड्याच्या अलीकडं एक नाला. पाणी घोट्याएवढं, पण खाली गाळ. गाडी मधोमध गेली आणि चाकं आसापर्यंत रुतली. भाड्याचे बैल एकदा नेटले, दोनदा नेटले, मग त्यांनी चक्क बसकण मारली. गाडीवान म्हणाला, 'मिस्तरी, आता तुमीच वढा.'

इतक्यात पलीकडून एक उंच म्हातारा आला. डोक्याला लाल पागोटं, कानात बाळ्या, हातात कासरा, मागं बैलजोडी. एक लाल, एक कबरा. त्यानं आम्हाला काही विचारलं नाही. आमचे बैल सोडले, आपले जुंपले, लाल्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला आणि बाजूला झाला. दोन्ही बैलांनी माना खाली घातल्या, गुडघे टेकतील की काय असं वाटलं, आणि गाडी भस्सकन गाळातून सुटून पलीकडच्या काठावर.

म्हाताऱ्यानं ताडपत्री उचलून इंजन पाहिलं.

'याले काय म्हन्तेत?'

'इंजन. पाच हॉर्सपॉवरचं.'

'म्हन्जे?'

'पाच घोड्याची ताकद, बा.'

तो इंजनाच्या पुढून पाहू लागला, मागून पाहू लागला, गाडीच्या खालीही वाकला. 'घोडो कत छ?' म्हणजे त्यांच्या बोलीत, घोडा कुठं आहे? मग आमच्या बोलीत मला ऐकवलं, 'पाच घोडे गायात फसले अन् दोन बैलानं काढले. पोरा, तुह्या दुकानात घोडे बदलून भेटतेत काय?'

गाडीवान पोट धरून हसला. मला इतका राग आला की तांड्यापर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

हा म्हातारा म्हणजेच थावराबा, हरसिंगचा बाप. त्याच्या आज्यापणज्यांनी पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडेच्या तांडे घेऊन मीठ आणि धान्य दूरदूरच्या मुलखात पोचवलं. आता घराला शेती होती, विहीर होती, मिरची होती. पण बैल म्हटलं की बुढ्याच्या अंगात ते जुनं तांड्याचं रक्त उसळायचं. लाल्या आणि कबऱ्या ही मोटेची जोडी. ती त्यानं वासरं असल्यापासून वाढवलेली. नांगराला घरात दुसरी जोडी होती.

आणि त्याच घरात मला दुसऱ्या दिवशी कळलं की हरसिंगनं मनात काय योजलंय. इंजन सुरू झालं की मोट बंद. मोट बंद झाली की ही जोडी बसून खाणार. दोन जोड्यांना पुरेल एवढा चारा त्या घरात नव्हता. म्हणून पोळा झाला की जोडी बाजारात न्यायची. हरसिंग काही वाईट माणूस नव्हता. बापासमोर बोलताना त्याची मान खाली असायची. पण तो बोलला.

'बा, इंजन पान्याचं करंल. जोडी कोन्या चांगल्या घरी जाईन.'

थावराबा चिलीम ओढत होता. त्यानं ती बाजूला ठेवली. 'हे घर चांगलं नाई व्हय?'

हरसिंग उठून मिरचीकडं निघून गेला.

इंजनाचा पाया दगड-सिमेंटचा. तो बांधून पुरता वाळेपर्यंत इंजन चढवता येत नाही. म्हणून मी तांड्यावरच राहिलो. थावराबाची बायको, तिला सगळे याडी म्हणायचे, याडी म्हणजे आई, तिनं मला आपल्याच घरी जेवायला घातलं. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, घागऱ्यावर आरसे, आणि हात भाकरीवर असे फिरायचे की माझ्या इंजनाच्या चाकानं लाजावं. मी पाया ओला ठेवायला पाणी मारायचो आणि समोर धावेवर थावराबा मोट हाकायचा. पाऊस त्या वर्षी नेमका तेव्हाच दडी मारून बसला. मिरचीची रोपं माना टाकू लागली. बुढा बैलांशी गाणं म्हणत बोलायचा आणि येता-जाता मला टोमणा हाणायचा.

'काय मिस्तरी, घोड्याईले पानी पाजून राह्यले व्हय?'

'पाया वाळू द्या बा. मंग पाहा.'

'पाहू ना. घोडे व्याले तं शिंगरू मले देजो.'

तांड्यातली माणसं तिथं मुद्दाम येऊन बसायची. इंजनापेक्षा आमची जुगलबंदी ऐकायला. शेवटी एक दिवस मी बोललोच. म्हटलं, 'बा, तुमच्या जोडीले एका बाजूनं जुंपा, मी दुसऱ्या बाजूनं इंजन लावतो. मंग दिसंल.'

बुढ्याचे डोळे चमकले. तो याचीच वाट पाहत होता, हे मला नंतर कळलं. तो सरळ नाईकाकडं गेला. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याच्यापुढं झालेली गोष्ट मोडता येत नाही. थावराबानं पैज अशी मांडली की तेवीस वर्षांच्या पोराला तिच्यात खोट काढता येईना.

'हा म्हन्ते पाच घोडे. माहे बैल दोन. घोडा बैलाहून तगडा असते, हे बी मी मानतो. मी दोन वाफे भिजवीन तवर यानं पाच भिजवले, तं इंजन खरं. माही जोडी हरसिंग खुशाल बाजारात नेईन. नाई भिजवले, तं इंजन ज्या गाडीत आलं त्याच गाडीत यवतमाळले जाईन, अन् जोडी माह्या गोठ्यात मरंस्तोवर राहीन.'

नाईकानं माझ्याकडं पाहिलं. 'बोल मिस्तरी.'

मी म्हटलं, 'पाच नाई, दहा भिजवीन.'

हरसिंगनं डोक्याला हात लावला. पण माझं तोंड असंच आहे. अजूनही तसंच आहे.

पैज पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली, कारण पोळ्याला बैल जुंपत नाहीत. तोवर पाया वाळला आणि मी इंजन चढवून ठेवलं. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा कठीण होतो, म्हणून तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं खांद्यावर चोळायची आणि बैलाला हात जोडून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माणसातल्या पाहुण्याला म्हणावं तसं. थावराबानं लाल्या-कबऱ्याचे खांदे शेकले तेव्हा अंगणात कोणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं की हा त्या जोडीचा या घरातला शेवटचा पोळा असू शकतो. बुढा कबऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मी घरात जाऊन पाण्याचा गडू उगाच रिकामा केला.

पोळा झाला. बैल सजले, मिरवले, पुरणपोळी जेवले. तोरण तुटलं, पोरांनी दंगा केला. माझ्या इंजनालाही कोणीतरी आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या. मी म्हटलं, बरं दिसतंय, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा तांडा विहिरीवर. एका काठावर मोट, दुसऱ्या काठावर माझं इंजन. नाईकानं हात खाली केला. थावराबानं बैलांना साद घातली आणि पहिली मोट थारोळ्यात ओतली गेली, तेव्हा मी हँडल मारलं. इंजन पहिल्या झटक्यात धरलं. टुक टुक टुक. धुराची वर्तुळं आभाळात. बाया कानांवर हात ठेवून मागं सरल्या. मी छाती पुढं काढून पाइपाच्या तोंडाकडं पाहत उभा.

पाणी नाही.

इंजन जोरात, पंप मेल्यासारखा. मोटेचं पाणी पाटानं खळखळत मिरचीकडं निघालं होतं. कोणीतरी ओरडलं, 'मिस्तरी, घोडे मुतून राह्यले फक्त!' असा हशा झाला की झाडावरची पाखरं उडाली. मी पंप पाहिला, भरलेला. झडप पाहिली, ठीक. मग पट्ट्याकडं पाहिलं. चाक फिरत होतं आणि पट्टा त्याच्यावर नुसता झोके घेत होता. इंजन बंद करून चाकाला हात लावला. हात बुळबुळीत. वास घेतला. तूप. आणि हळद.

'कोनं केलं हे?' मी गरजलो. माझी नजर अर्थातच थावराबाकडं. बुढ्यानं मोट अर्ध्यात थांबवली. त्याचा चेहरा असा पडला की मला लगेच समजलं, हा त्याचा उद्योग नाही. तो जिंकेल, पण असा जिंकणार नाही.

मागून याडी पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरत, जराही न भिता.

'मी लावलं. परवा. सगळ्याईचे खांदे शेकले, याचा कोन शेकंन? ते बी आता आमच्या हिरीवर काम करंल ना? त्याले आवतन बी देल्लं.'

'याडी, त्याले खांदा कुठं असते?'

'ज्याच्यावर वझं पडते तोच खांदा,' ती म्हणाली. 'तूच सांगे ना, पट्टा त्या चाकावर वढते म्हून.'

तिचं खरं होतं. इंजनाचा खांदा तेच चाक. फक्त बैलाचा खांदा तुपानं मऊ होतो आणि इंजनाचा खांदा तुपानं कामातून जातो, एवढाच फरक. आधी नाईक हसला, मग हरसिंग, मग मी. थावराबा तर धावेवरच खाली बसला आणि पागोट्याच्या शेवानं डोळे पुसू लागला. म्हणाला, 'चाळीस वर्सं मले कधी नाई देल्लं आवतन!' याडीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा हसला.

मग नाईकाला न विचारताच थावराबानं आपले बैल सोडले. 'त्याचा खांदा सुकू दे. तवर मी थांबतो.' त्याची पैज, त्याची जोडी, आणि तो थांबला. मी चुलीतली राख आणून चाक घासलं, घासलेटानं पुसलं, पुन्हा राख मारली, पट्ट्याला राळ लावली. बाया राख आणून देत होत्या, जशी काही लग्नघरची हळद उतरवायची होती.

पुन्हा हात खाली. पुन्हा मोट. पुन्हा हँडल. या वेळी पाइपातून आधी खोकल्यासारखा आवाज आला, आणि मग पाण्याचा लोंढा असा बाहेर आला की समोर वाकून पाहणारा एक जण पाठीवर पडला. एक वाफा, दुसरा, तिसरा. पाणी धरायला माणसं पुरेनात. थावराबाही काही कमी नव्हता. त्यानं बैलांना मारलं नाही, ओरडला नाही, फक्त गाणं उंच केलं. लाल्या-कबऱ्या धाव उतरत होते आणि मागं चढत होते, त्यांच्या पायांचा ताल चुकत नव्हता. दुसऱ्या वाफ्याची शेवटची सरी भिजली आणि त्यानं हात वर केला. माझ्या बाजूला चौदा वाफे भिजले होते.

पोरं नाचली. हरसिंगनं मला उचललं. माझ्या आयुष्यात इंजनं पुष्कळ सुरू झाली, पण त्या सकाळचा तो आवाज मी विसरत नाही. मी जिंकलो होतो, तोंडानं बोललो त्याहून जास्त जिंकलो होतो.

आणि पलीकडं थावराबा जोडीच्या गळ्यातले घुंगरू काढत होता. बाजाराला घुंगरू नेत नाहीत.

संध्याकाळी मी विहिरीवर हत्यारं गोळा करत होतो. मजा सगळी उतरली होती. बुढा येऊन माझ्याजवळ बसला. राग नाही, टोमणा नाही.

'मिस्तरी, एक सांग. घोडा कोनाचा व्हय तो?'

'कोन्ता?'

'ज्याचं नाव इंजनाले देल्लं थो. मी हरलो, ते बरोबर हाये. पन कोनाच्या घोड्यानं हरलो ते तं समजू दे.'

मग मी त्याला खानचाचांनी मला सांगितलेली गोष्ट सांगितली. चाचा तरुणपणी कापसाच्या जिनिंगमधल्या वाफेच्या इंजनावर होते, तिथल्या कोणा साहेबाकडून त्यांनी ती ऐकलेली. विलायतेत जमिनीखाली कोळशाच्या खाणी. खाणीत पाणी भरायचं. ते उपसायला घोडे लावायचे, घाण्याला बैल फिरतो तसे गोल गोल. तिथं एकानं वाफेचं चांगलं इंजन केलं. पण विकायचं कसं? खाणवाला विचारणार, हे माझं किती काम करील? त्याला तर घोड्याशिवाय दुसरं माप ठाऊक नाही. म्हणून त्यानं घोडा दमेपर्यंत नाही, तर दिवसभर निभावेल अशा चालीनं किती काम करतो ते मोजलं. कोणी म्हणतात तो घोडा खाणीवरचा, कोणी म्हणतात गिरणीतला. ते मोजून त्यानं नाव ठेवलं हॉर्सपॉवर. आपल्या मापात सांगायचं तर पाऊण क्विंटलचं पोतं एका सेकंदात एक मीटर उचलायचं, आणि असंच उचलत राहायचं, तो एक हॉर्सपॉवर. त्यात किती ओझं आणि किती वेळात, हे दोन्ही आलं. नुसता जोर नाही. गाळात रुतलेली गाडी एका हिसक्यात काढणं ही गोष्ट वेगळी. त्या घडीला खरा बैल किंवा खरा घोडा आपल्या नावाच्या मापाहून कितीतरी जास्त ओढतो. आणि पळणं तर त्यात मुळीच नाही.

नाल्यातल्या गाळाचं उत्तर मला तेव्हा, सांगता सांगता, सापडलं. इतके दिवस तो टोमणा सलत होता.

थावराबा ऐकत होता. मध्येच म्हणाला, 'म्हन्जे त्यानं गिऱ्हाइकाच्याच जनावरानं मोजलं?'

'हो.'

'आमच्या तांड्यात घोडा कोनाच्या घरी हाये?'

'कोनाच्याच नाई.'

तो उठला. पागोटं नीट केलं. 'चाल.'

नाईकाच्या दारात माणसं बसली होती. हरसिंगही होता. थावराबा मधोमध उभा राहिला.

'मी हरलो. कबूल. किती हरलो?'

हरसिंग चाचरत म्हणाला, 'बा, चौदा वाफे अन् दोन वाफे.'

'म्हन्जे इंजन किती जोड्याचं?'

'सात.'

'सात जोड्या. कोनाच्या?'

'तुह्याच जोडीच्या, बा.'

'मंग पायली विकून दाने कायनं मोजशीन?' बुढा हळूच म्हणाला. 'उद्या शेजारचा तांडा इचारंन, इंजन किती काम करते. तू सांगशीन सात जोड्या. थो म्हनंन, जोडी कोनती? दाखव. मंग कोन्या बाजारात जाशीन दाखवाले?'

मग नाईकाच्या पोटातून हसू निघालं आणि ते थांबेना. पण हरसिंगची अडचण खरीच होती, आणि त्यानं ती सांगितली. 'बा, तुहं खरं. पन माप चारा खाते.'

इथं मी तोंड उघडलं. आमच्या दुकानाला गावोगाव इंजनं पोचवायला गाडी लागायची. भाड्याचे बैल कसे, ते मी आणि थावराबानं नाल्यात पाहिलं होतं. मी म्हटलं, 'जोडी दुकानाच्या गाडीले. हाकनारा थावराबा. चारा जिथं काम तिथं.' शेठला विचारलं नव्हतं. शेठ काय म्हणेल हेही ठाऊक नव्हतं. पण मी जे बोलतो ते करून दाखवतो, आणि शेठला दुसरा मिस्तरी तरी कुठं मिळणार होता? पुढं शेठ आठवडाभर कुरकुरला आणि मग स्वतःच लोकांना सांगू लागला, थावराची जोडी आहे आमच्याकडं.

हरसिंगनं बापाकडं पाहिलं. 'जातं का?'

बुढा म्हणाला, 'माहे आजे-पनजे गोनी लादून मुलूख फिरले. मी इंजन लादून फिरीन. वझं तेवढं बदललं.'

याडीनं घरातून घुंगरू आणले आणि त्याच्या हातात दिले.

पुढं कितीतरी वर्षं आम्ही फिरलो. मोटा बंद पडल्या, धावा बुजल्या, त्यात माझ्या हातचा वाटा मोठा. त्याचा अभिमानही आहे आणि एखाद्या जुन्या विहिरीवर झिजलेला दगड दिसला की वाईटही वाटतं. आता विजेच्या मोटारीवरही हॉर्सपॉवरच लिहितात, गाड्यांवरही. लोक अजून चुकतात. जास्त घोडे म्हणजे जास्त चांगलं, असं समजतात. मी त्यांना विचारतो, तुमच्या विहिरीला किती पाहिजे, ते आधी मोजलं का?

पण ते सगळं नंतरचं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तांडा सोडला. माझी सायकल गाडीत, मी थावराबाच्या शेजारी, लाल्या-कबऱ्याच्या गळ्यात घुंगरू. नाला ओलांडून यवतमाळच्या वाटेला लागलो. एका शेतात एक कास्तकार मोट हाकत होता, त्यानं हाक मारली, 'ओ मिस्तरी, तांड्यातलं थे इंजन कितीचं हाये?' मी सवयीनं पाच घोडे म्हणणार होतो. पण तोंडातून निघालं, 'सात जोड्याचं.' तो म्हणाला, 'कोन्या जोडीच्या?' थावराबानं गाडी थांबवली, माझ्याकडं पाहिलं आणि जू सोडलं. इंजनाच्या दुकानाचा मी पगारी मिस्तरी, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला, त्या अनोळखी माणसाच्या धावेवर लाल्या-कबऱ्याला उभं केलं आणि ऊन तापेपर्यंत मोट हाकली. आधी एक जोडी म्हणजे किती, हे त्याला कळायला पाहिजे ना.